परिक्रमेत रात्री टेकायचं कुठे, जेवायचं काय? वाचकांचे प्रश्न

दिवाळी जवळ आली की सदराच्या पत्रांमध्ये नर्मदा परिक्रमेचे प्रश्न वाढायला लागतात, कारण कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो आणि चार महिने एका जागी थांबलेले परिक्रमावासी उठतात, नवीन लोकही त्याच सुमारास ओंकारेश्वरला पोचतात. यावेळी बहुतेकांची काळजी एकच आहे, चालणं जमेल हो, पण रात्री टेकायचं कुठे आणि जेवायचं काय. म्हणून यावेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. मी स्वतः माझ्या नणंदेबरोबर पायी परिक्रमा केलीय, त्यामुळे जे पाहिलं तेवढंच सांगते.

प्रश्न: मी ५९ वर्षांचा, नुकताच रिटायर झालोय, एकटाच निघणार आहे. मुलगा म्हणतो रोजचा मुक्काम आधी फिक्स करा मगच जा. व्हॉट्सॲपवर आश्रमांच्या तीन याद्या आल्यात आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. कोणती खरी मानू? – एक वाचक, सातारा

उत्तर: काका, तिन्ही आपापल्या वर्षी खऱ्याच असतील. किनाऱ्यावरची कितीतरी ठिकाणं एकेका माणसावर चालतात, कुठे कुटीत एक बाबा असतात, कुठे एखादं घर स्वतःच्या शेतातल्या गव्हावर अन्नक्षेत्र चालवत असतं, मग ते बाबा दुसरीकडे गेले किंवा त्या घरात आजारपण आलं की तिथली चूल थांबते आणि पुढच्या गावात कोणीतरी नवीन सुरू करतं. त्यामुळे यादी जवळ ठेवा पण ती अंदाजापुरती. मोठी ठिकाणं मात्र हलत नाहीत, म्हणजे दक्षिण तटावर बडवानी, गोरा, नर्मदापुरम, उत्तर तटावर नारेश्वर, गरुडेश्वर, महेश्वर, नेमावर, जबलपूरचं ग्वारीघाट. गरुडेश्वरला दत्त संप्रदायातल्या टेंबे स्वामींची समाधी आहे आणि नारेश्वर त्यांचे शिष्य रंग अवधूत महाराजांचं, त्यामुळे मराठी माणसाला तिथे दोन दिवस थांबावंसं वाटतंच, थांबा. ही ठिकाणं खुंटीसारखी धरा आणि मधले दिवस मोकळे सोडा.

आता एक गोष्ट जी घरी बसून लक्षात येत नाही. परिक्रमेत मैया, म्हणजे नर्मदा, कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ती ओलांडायची नाही, म्हणजे सगळे एकाच दिशेने चालतात, आणि म्हणून समोरून येणारा परिक्रमावासी तुम्हाला कधीच भेटत नाही!! वारीत कसं पुढे गेलेला निरोप पाठवतो तसं इथे नाही. पुढचं खरं माहीत असतं ते गावातल्याला, म्हणजे दूधवाल्याला, शाळेतल्या गुरुजींना, त्या रूटच्या बसवाल्याला, आणि सगळ्यात जास्त कोणाला तर कालच्या आश्रमात स्वयंपाक करणाऱ्याला, कारण पुढच्या आश्रमात सध्या कोण आहे, तिथलं पीठ संपलंय का, बाबा गावाला गेलेत का हे त्याच्या कानावर असतं. आम्ही रोज रात्री ताट धुताना त्यालाच विचारायचो. तीन गोष्टी विचारायच्या, पुढे आत्ता कोण आहे, जेवण कितीपर्यंत मिळतं, आणि पायी किती वेळ लागेल. किलोमीटर विचारू नका, गावातला माणूस प्रेमाने ‘बस, दो किलोमीटर’ म्हणतो आणि आपण दीड तास चालत राहतो, वेळ विचारली की उत्तर बरंच बरोबर येतं.

दुसरं म्हणजे थांबायची वेळ. साडेतीन-चार वाजले की मुक्काम शोधायला लागायचं, मग पायात कितीही दम असो. डिसेंबरात सहाला अंधार पडतो. आम्ही एकदा लालचावलो, अजून एक गाव होईल म्हणून निघालो आणि ज्या आश्रमाच्या भरवशावर गेलो तिथे पोचेपर्यंत आठ वाजून गेले, फाटक बंद, हाक मारून कोणी उठेना. शेवटी रस्त्यावरच्या प्रवासी निवाऱ्यात सिमेंटच्या बाकावर रात्र काढली, नणंदेचे दात थंडीने वाजत होते आणि तिची शाल मी तिच्या पायांना गुंडाळत होते. सकाळी फाटक उघडलं तेव्हा तिथल्या सेवेकऱ्याला इतकं वाईट वाटलं की तो रडायचाच बाकी होता. चूक आमची होती, दिवसभर राबलेला माणूस झोपणारच ना.

ठिकाणावर पोचल्यावर आधी चपला काढून देवाला नमस्कार, मग मोठ्याने ‘नर्मदे हर’. पाठीवरची सॅक लगेच खाली आपटू नका. ‘रात को आसन लगा सकते हैं क्या?’ एवढं विचारायचं. आसन लावणं म्हणजे मुक्काम करणं, हा शब्द सगळीकडे चालतो. ‘लगाओ बाबाजी’ म्हणाले की जागा झाडून घ्यायची आणि मग बसायचं. नाही म्हणाले तर वाद घालायचा नाही, तेच लोक बहुतेक वेळा पुढचं घर दाखवतात, कधी शाळेची पडवी, कधी पंचायतीची खोली किल्लीसकट उघडून देतात.

जेवणाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. भोजनप्रसादी म्हणजे शिजवलेलं, डाळ, टिक्कड (जाड रोटी), भात, गुजरातेत शिरलात की खिचडी-कढी. आणि सदाव्रत म्हणजे कोरडा शिधा, पीठ, डाळ, तांदूळ, मीठ, मिरची, थोडं तेल, ते घेऊन आपण शिजवायचं. काही ठिकाणी फक्त सदाव्रतच मिळतं, तेव्हा एक छोटं पातेलं, ताटली आणि काडेपेटी सॅकमध्ये हवीच. तीन विटांच्या चुलीवर टिक्कड भाजायला घरी एकदा तरी शिकून जा, पुरुषमंडळींना खास सांगतेय, पहिल्या दिवशी बाहेरून काळी आणि आतून कच्ची होते, चौथ्या दिवशी जमते.

दोन टप्पे असे आहेत जिथे एक दिवसाचं खाणं-पाणी जवळ असलंच पाहिजे. पहिला शूलपाणीची झाडी. बडवानी सोडलं की सातपुड्यात शिरता, मध्य प्रदेश संपून आपला नंदुरबार जिल्हा लागतो, धडगावचा भाग. जुनी वाट किनाऱ्याने होती, ती सरदार सरोवरात गेली, धरणाची उंची १३८.६८ मीटर झाली आणि २०१७ मध्ये त्याचं लोकार्पण झालं, काठची गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आता वाट डोंगरावरून चढ-उतार करत जाते आणि घरं लांब लांब. पूर्वी इथे परिक्रमावासीयांना लुटायचे, अंगावरच्या लंगोटीशिवाय काही उरायचं नाही असं जुने लोक सांगतात. आम्हाला त्याच डोंगरात काय मिळालं ते सांगते. दुपारी एका झोपडीपाशी पाणी मागितलं, आजीने मडक्यातलं पाणी दिलं आणि काही न बोलता आत जाऊन मक्याची भाकर थापायला बसली. घरात उडदाची डाळ होती, ती तिने आमच्या दोघींच्या पानात वाढली, स्वतःच्या नातवाला मात्र भाकरीवर मीठ-मिरची दिली. ते आम्ही बघितलं तेव्हा माझी नणंद घास तसाच धरून बसली. मग आम्ही आमच्याजवळचे शेंगदाणे आणि गूळ पोराच्या हातात दिले, त्याने ते आधी आजीला नेऊन दाखवले. काका, म्हणून म्हणते, एक दिवसाचं खाणं जवळ ठेवा, ते फक्त आपल्यासाठी नसतं.

दुसरा टप्पा समुद्राचा. मैया न ओलांडता तट बदलायचा म्हणून अंकलेश्वरच्या पुढे हांसोट तालुक्याच्या किनाऱ्यावरून समुद्रातून होडीने उत्तर तटावरच्या मिठी तलाईला जायचं असतं, होडी सुटते भरती बघून, आपल्या सोयीने नाही. कधी एक-दोन दिवस थांबावं लागतं, गर्दी असली की जास्त. होडीत तासन्‌तास ऊन असतं, प्यायचं पाणी, डोक्याला पंचा आणि थोडं कोरडं खाणं हातातल्या पिशवीत ठेवा, सॅकच्या तळाशी नको.

मुलाला सांगा, मुक्काम फिक्स नाही करणार पण रोज मुक्कामावर पोचलो की मेसेज टाकीन, आणि झाडीत रेंज नसेल तेव्हा दोन-तीन दिवस मेसेज येणार नाही. हे आधीच सांगितलं की घरचे घाबरत नाहीत.

प्रश्न: आम्ही दोघी बहिणी, ४४ आणि ४७ वर्षांच्या. सोबत पुरुष नाही. मुक्कामाची जागा सुरक्षित आहे हे कसं ओळखायचं? टॉयलेटचं काय, आणि पाळीच्या दिवसांत काय करायचं हे कोणाला विचारायची सोय नाही म्हणून तुम्हाला लिहितोय. – दोघी बहिणी, नाशिक

उत्तर: बरं केलंत लिहिलंत ताई. आम्हीही दोघीच होतो.

जागा बघताना आधी चूल कोण सांभाळतंय ते बघा. आश्रमात माताजी असतील, किंवा बाजूला घर आहे आणि अंगणात पोरंबाळं खेळताहेत, तिथे निवांत आसन लावा. फक्त एक-दोन पुरुष असलेली गावाबाहेरची कुटी असेल तर माणसं कितीही भली असली तरी नमस्कार करून, चहा घेऊन पुढे गावात जा. यात कोणाचा अपमान नाही, कितीतरी बाबा स्वतःच म्हणतात की माताराम, तुम्ही गावात थांबा. गावात गेलात की सरळ एखाद्या बाईला विचारा, नळावर, दळणाच्या गिरणीपाशी, किंवा अंगणवाडीत. बाईने बाईला विचारलं की दहा मिनिटांत सोय होते, आम्हाला तर एकदा दोन घरांत भांडण लागलं होतं की आज यांना कोण नेणार. आणि हे सगळं उजेड असताना, वरच्या काकांना जी वेळ सांगितली त्याच्याही अर्धा तास आधी. मनाला खटकलं तर कारण शोधत बसू नका, उठा आणि निघा.

टॉयलेट मोठ्या आश्रमांत आहेत, छोट्या जागी नाहीत, किंवा आहेत आणि पाणी नाही. पोचल्या पोचल्या विचारून ठेवायचं आणि रात्री जायला लागलं तर दोघींनी मिळून टॉर्च घेऊन. पाणी कमी प्यायलं की जावं लागणार नाही असा विचार खूप बायका करतात, तो अजिबात करू नका, चालताना त्याचा फार त्रास होतो, लघवीला जळजळ सुरू झाली की चार दिवस मोडतात.

पाळीचं सांगते. काही जणी ते दिवस एका जागी थांबतात, काही चालत राहतात आणि फक्त पूजा आणि देवळात जाणं टाळतात, काही काहीच पाळत नाहीत. तुम्ही काय मानता ते तुमचं तुम्ही ठरवा, तिथे कोणी तपासत नाही. थांबायचं असेल तर घरातल्या बाईला बाजूला घेऊन खरं सांगा, आम्हाला एकीने तीन दिवस ठेवून घेतलं होतं आणि रोज बादलीभर गरम पाणी दिलं. मोठ्या गावात पॅड मिळतात, डोंगरात आणि मध्य प्रदेशातल्या दिंडोरी-मंडल्याच्या जंगलाच्या पट्ट्यात मिळतील असं धरू नका, एक पाकीट कायम जास्तीचं ठेवा. वापरलेले कागदात आणि मग घट्ट पिशवीत बांधून मोठ्या गावापर्यंत न्या, किनाऱ्यावर किंवा पाण्यात काहीही टाकायचं नाही. साबणही मैयेत नको, पाणी बाजूला घेऊन धुवा.

प्रश्न: मला दहा वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आश्रमात जे मिळेल ते खावं लागणार, मग पथ्य कसं पाळायचं? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: पथ्यापेक्षा मोठी अडचण आहे ती वेळेची. आश्रमातलं जेवण साधारण अकरा-बाराला आणि मग एकदम संध्याकाळची आरती झाल्यावर सात-आठला. मधे मोठा खड्डा. त्यात तुम्ही रोज वीस-एक किलोमीटर चालणार म्हणजे शुगर वाढण्याऐवजी खाली येण्याची भीती जास्त. त्यामुळे निघायच्या आधी डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट सांगा की मी महिनोन्‌महिने रोज इतकं चालणार आहे, गोळ्यांचा डोस बदलायचा का. स्वतःच्या मनाने कमी-जास्त नको आणि मैया सांभाळेल म्हणून बंद तर मुळीच नको.

खिशात, सॅकमध्ये नाही, खिशात, फुटाणे आणि शेंगदाणे ठेवा, दर दोन तासांनी मूठभर. दुसऱ्या खिशात साखरेची पुडी, हात थरथरायला लागले, घाम फुटला की लगेच तोंडात. चहाचं मात्र आधीच बोला, प्रत्येक दारात चहा मिळतो आणि तो चांगलाच गोड असतो, दिवसात सहा वेळा तसा चहा म्हणजे तुमचं गणित बिघडलंच. ‘मैया, शक्कर की बीमारी है, फीकी चाय मिलेगी?’ म्हटलं की कोणी वाईट मानत नाही, चहा उकळायच्या आधी सांगायचं एवढंच. शिरा किंवा लाडू प्रसाद म्हणून आला तर चिमूटभर घ्या, बाकीचा शेजारच्याच्या हातावर ठेवा.

आणि रोज रात्री पाय बघा. तळवे, बोटांच्या मधे, टाचा. शुगरवाल्याला फोड आलेला कळतही नाही आणि तो चिघळतो. फोड दिसला की त्या ठिकाणी दोन दिवस आसन, कोणीही तुम्हाला जा म्हणणार नाही.

प्रश्न: सगळं फुकट खायचं हे मनाला पटत नाही. पैसे द्यायचे का, किती? – एक वाचक, पुणे

उत्तर: दानपेटी असेल तर तिच्यात, जमेल तेवढे. घरात जेवलात तर पैसे पुढे करू नका, मनाला लागतं त्यांच्या ते. मुलांना वह्या-पेन द्या, भाजी निवडू लागा, भांडी घासा, निघताना झाडून निघा. मोठी रक्कम द्यायची इच्छा असेल तर घरी परत आल्यावर आठवून बघा, ज्या छोट्या जागी पीठ कमी पडत होतं तिथे पोतंभर गहू पोचवा. मोठ्या ठिकाणी देणारे पुष्कळ आहेत.

प्रश्न: चार-पाच महिने सुट्टी मिळणं शक्य नाही. थोडक्यात अनुभव घेता येईल का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: येईल की. गुजरातेत तिलकवाड्याच्या बाजूला मैया उत्तरेकडे वाहते, तिथली उत्तरवाहिनी परिक्रमा चैत्रात करतात, एका दिवसात होते. वाटेत पाणी, सरबत, नाश्ता घेऊन गावकरी उभे असतात. चैत्राचं ऊन लक्षात ठेवून पहाटे अंधारातच निघा. गर्दीचे वार टाळलेत तर जास्त छान.

प्रश्न: मी धडगाव भागात शिक्षक आहे. आमच्या खोलीवरून परिक्रमावासी जातात. बायको आणि मी ठरवलंय की या वर्षी त्यांच्यासाठी काहीतरी करायचं. पण पगार बेताचा, जागा एक खोली आणि पडवी. काय करावं म्हणजे त्यांना खरंच उपयोग होईल? – एक शिक्षक, जि. नंदुरबार

उत्तर: गुरुजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अन्नक्षेत्र काढायचं मनात आणू नका, पन्नास जणांचं जेवण सुरू करून महिन्याभरात बंद पडलं की तुम्हाला वाईट वाटेल आणि लोक भरवशावर येऊन उपाशी जातील. रोज चार जण झेपत असतील तर चारच.

चालणाऱ्याला काय लागतं ते सांगते. पहिलं गरम पाणी. संध्याकाळी बादलीत गरम पाणी आणि मूठभर मीठ, त्यात पाय सोडून बसायला मिळालं की माणूस निम्मा बरा होतो, जेवणाआधी हेच द्या. दुसरं, पडवीत एक दोरी बांधा. आदल्या दिवशीचे कपडे ओलेच असतात, ते सॅकवर टाकून चालावं लागतं, दोरी दिसली की किती बरं वाटतं ते मी सांगू शकत नाही. तिसरं, दोन-तीन फोन एकदम लागतील असा चार्जिंग बोर्ड, लाइट असेल तेव्हाचा. आणि पहाटे पाचला काळा चहा का होईना, कारण सगळे उजाडायच्या आत निघतात आणि त्या वेळी कुठेच काही मिळत नाही.

जेवणात तुम्ही जे खाता तेच द्या. पक्वान्न नको, तेलकट नको, पोट बिघडलं की डोंगरात हाल होतात. पण आग्रह करू नका. काहींचा नियम असतो की स्वतः शिजवलेलंच खायचं, त्यांच्यासाठी सदाव्रताच्या चार-पाच पुड्या आधी बांधून ठेवा, पीठ, डाळ, मीठ, मिरची, आणि चुलीची जागा दाखवा. काही एकच वेळ जेवतात, त्यांना ताक द्या. आल्या आल्या कुठले, काय करता, घरी कोण असं विचारत बसू नका, आधी टेकू द्या, बोलायचं असेल तो रात्री आपणहून बोलतो. वहिनींना सांगा, बाई आली तर आधी न्हाणीघर दाखवायचं, बाकी सगळं मग.

सामान वाढवायचं असेल तर फोडांसाठी सुई-दोरा, कापूस, जंतुनाशक मलम आणि ओआरएसची पाकिटं ठेवा. फोटो काढायचा तर विचारून.

आणि तुम्ही शिक्षक आहात, अक्षर चांगलं असणार, रस्त्याच्या वळणावर एक फळी लावा. तिच्यावर लिहा की इथे पाणी आहे, रात्री चार जणांची सोय आहे, आणि पुढचा मुक्काम कोणत्या पाड्यावर आहे, चढ किती, पायी किती तास. तास स्वतः एकदा चालून बघून लिहा, सॅक पाठीवर घेऊन. पुढची चूल बंद झाली असं कळलं की फळी त्याच दिवशी खडूने बदला.